झुरळवाला साडभाऊ

माणसापेक्षा झुरळाला जास्त मान देणारा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात एकच असेल, अन् तो नेमका माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, अन् तोही मला साडभाऊच म्हणतो. नात्यानं मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला तुमी म्हणतो. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. चाळीस वर्षं ती हौस राहून गेली.

मी अन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे मेथीच्या जुड्या बांधणं, अन् त्यातही हा मधे आलाच. दुसऱ्या दिवशी मालेगावचा बाजार होता. आम्ही अंगणात पोतं अंथरून बसलो होतो. ती जुडी बांधायची, मी पाणी शिंपडून पाटीत रचायचो. बांधता बांधता म्हणाली, सैपाकघरात झुरळं झाली आहेत, भाऊजींना फोन लावा. मी म्हटलं, तुझे भाऊजी, तूच लाव. तिनं पुढची जुडी घेतली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिच्या छातीत कळ आली अन् मालेगावच्या रस्त्यात, जीपमध्येच, ती गेली. मेथी पाटीतच राहिली. भेटायला आलेले लोक विचारत होते, शेवटी काय म्हणाली? लोकांना काय सांगणार. झुरळांचं म्हणाली, अन् साडभाऊला बोलवा म्हणाली.

हा साडभाऊ रिसोडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये शिपाई होता. त्या काळी बारावीच्या पोरांना झुरळ चिरून दाखवावं लागायचं. जितकी पोरं तितकी झुरळं, अन् तीही मोठी, लाल, मिशा शाबूत असलेली. ती पुरवायचं काम याचं. बरणीच्या गळ्याला आतून तेल लावायचा, तळाशी केळीची साल टाकायचा अन् बरणी हॉटेलच्या मोरीजवळ नाही तर धान्याच्या गोदामात ठेवून यायचा. आत उतरलेलं झुरळ तेलावरून घसरायचं, वर यायचं नाही. सकाळी हा बरणी सायकलला टांगून कॉलेजला निघायचा. मिशी तुटलेलं झुरळ तो पोराच्या हाती देत नसे, म्हणे परीक्षेत लेकराचे मार्क कटतात. नर कोणता अन् मादी कोणती ते शेपटाकडचे केस पाहून सांगायचा, आपण गोऱ्हा की कालवड सांगतो तसं. पुढे वरून हुकूम आला की आता झुरळं चिरायची नाहीत. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही, असं त्याची बायको सांगते. मग त्यानं विद्या उलटी फिरवली. पकडायच्या ऐवजी घालवायला लागला. पण चपलेनं मारलेलं त्याला आजही चालत नाही. म्हणतो, "मारा, पन त्याची इज्जत ठेवून मारा."

त्याला कुठे पाहुणा म्हणून न्यायची सोय नाही. एकदा आम्ही सगळे आसेगावला एका नातेवाइकाकडे बारशाला गेलो. बाया पाळणा म्हणत होत्या, अन् हा पाळण्याला पाठ करून कपाटाचा वास घेत उभा. त्याचं म्हणणं, झुरळ झालेल्या घराला ओशट, कुबट वास असतो अन् तो अत्तरानं झाकत नाही. मग त्यानं फळीवर बोट फिरवलं अन् बोटावरचे काळे दाणे सगळ्यांना दाखवले. मला वाटलं चहापत्ती सांडली असेल. तो म्हणाला ही झुरळाची विष्ठा, अन् बारीक जातीची. बारीक जात म्हणजे फिकी तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा, सैपाकघर सोडून कुठे जात नाही. मोठी लाल जात गटारातून, मोरीतून येते, ती फक्त फिरायला येते. बारीक जात संसार मांडायला येते. ज्या घरात बारसं त्या घरच्या बाईला त्यानं चारचौघांत विचारलं, "तुमी मिक्सर नवा घेतला ना? त्याचा पुठ्ठा फेकला नाई ना?" बाईनं पुठ्ठ्याचा खोका कपाटावर जपून ठेवला होता. खाली काढला तर आतून वीसएक झुरळं निघाली अन् थेट पाळण्याकडे धावली. त्या घरानं पुन्हा त्याला बोलावलं नाही. पण पुठ्ठा फेकला, अन् झुरळं गेली, हेही खरं आहे.

अशा माणसाला मान देणारं अख्ख्या गोतावळ्यात एकच घर होतं, ते माझं. त्याची स्वतःची बायको त्याला सैपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे येऊ देत नाही. माझी बायको दर वर्षी उन्हाळ्यात त्याला बोलावायची. तो सकाळच्या एसटीनं यायचा, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत बॅटरी, जुना ब्रश, कॅरमची पावडर म्हणजे बोरिक, अन् खिशात काडेपेटी. काडेपेटीत काडी नसायची, झुरळाच्या अंड्यांची पिशवी असायची, लोकांना दाखवायला. माझी बायको पालीला पाहून घर डोक्यावर घेणारी. पण यानं ती अंड्यांची पिशवी तिच्या तळहातावर ठेवली की दारात उजेडाला जाऊन पाहायची. बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगेचा तुकडा असावा तशी दिसते म्हणायची. मी पहाटे उठून पहिल्या तोड्याची वांगी आणायचो, जांभळी, काटेरी, हात लावला तर चरचर वाजणारी. ती मला म्हणायची, ठेवा तिकडे. माझ्या वांग्याला ती कधी उजेडात घेऊन गेली नाही.

मी कोणाला सांगितलं नाही, पण आता सांगतो, त्या माणसामुळे माझा जळफळाट होत होता. अन् थोडाथोडका नाही. त्याच्या कामाची एक पद्धत होती. झुरळ अंधारात निघतं, म्हणून माणसानं अंधारात पाहावं. पण संध्याकाळच्या एसटीनं याला परत जायचं असायचं, म्हणून हा दुपारीच रात्र करायचा. खिडकीला घोंगडं लावायचा, दाराच्या फटीत चादर कोंबायचा, बॅटरीच्या काचेला लाल प्लॅस्टिकची पन्नी बांधायचा, म्हणे लाल उजेड झुरळाला दिसत नाही. मग माझी बायको अन् तो त्या अंधारात फरशीला गाल टेकून ओट्याखाली पाहत बसायचे, की झुरळं कुठून निघतात, कोणत्या फटीत शिरतात. अन् मी बाहेर ओसरीत, चहाची वाट पाहत. अर्धा अर्धा तास. आतून काही ऐकू यायचं नाही, अन् मग एकदम ती हसायची. आता झुरळात हसण्यासारखं काय आहे? मी खोकायचो. पुन्हा हसायची. मी पाणी मागायचो. कोणी आणायचं नाही. शेवटी मी दार उघडायचो, उजेड आत शिरायचा अन् सगळी झुरळं पळायची. हा उकिडवा बसल्या जागेवरून म्हणायचा, "झालं. साडभाऊनं सकाय करून टाकली." अन् तिला इतकं हसू यायचं की पदर तोंडात धरावा लागायचा. माझ्या कोणत्या बोलण्यावर ती तशी हसली ते आठवायला बसलो तर मला आठवत नाही.

पुढचं काम साधं होतं. फटी कुठे आहेत ते कळलं की कणीक, साखर अन् बोरिक पाण्यात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करायच्या, फटीफटीत ठेवायच्या, ओटा पुसून कोरडा ठेवायचा, झुरळाला खायला नसलं तरी चालतं पण पाणी नसलं तर चालत नाही. अन् पंधरा दिवसांनी पुन्हा गोळ्या, कारण मोठी मरतात पण अंड्यांतून पोरं निघतात. या सगळ्यासाठी मांडणीवरचे डबे खाली काढावे लागायचे अन् पुन्हा लावावे लागायचे. तो काढायचा, ती लावायची. मला डब्याला हात लावायला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या किन्हीराजा गावाकडे पुरुष माणूस सैपाकघरात ताट घेऊन बसतो अन् ताट सोडून उठतो, तेवढंच.

ती गेल्यावर मी ते सैपाकघर तसंच ठेवलं. मांडणीवर दोन फळ्या, सतरा डबे, एक लोणच्याची बरणी. कणीक तिनं दळून आणलेली, तिखट तिनं कुटलेलं, लोणचं तिनं घातलेलं. बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याची गाठही तिचीच. पोरगी पुण्याला असते, ती म्हणाली, बाबा, सगळं फेकून द्या, मी नवीन डबे घेऊन येते. मी तिला म्हटलं, तू ये, पण डब्यांना हात लावायचा नाही. मी शेजारच्या घरून दोन वेळचा डबा लावला होता. बाकी काही मला नको होतं, ती मांडणी तेवढी तिच्या हातची राहायला पाहिजे होती.

पण झुरळांना हे कोण सांगणार. पाच महिन्यांत ती इतकी झाली की दिवसाउजेडी ओट्यावर फिरायला लागली. साडभाऊ म्हणतो की झुरळ दिवसा दिसलं की समजावं, आत जागा उरली नाही. मला हे माहीत होतं. त्याला फोन लावावा हेही माहीत होतं. पण बायको गेली तरी मी त्याला फोन लावायचा नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हटलं, आपण तीस वर्षं वांग्यावरची अळी मारतो आहोत, एवढासा किडा आपल्याला भारी आहे का? एका सकाळी पाठीवर फवारणीचा पंप घेतला, वांग्यावर मारतो तेच औषध घातलं, अन् तोंडाला रुमाल बांधून सैपाकघरात शिरलो. मांडणीवर मारलं, ओट्याखाली मारलं, चुलीच्या कोपऱ्यात मारलं. वाफ्यात मारतो तसं, एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत. नोझल चांगलं होतं.

त्यानंतर जे झालं ते मी देवाला सांगतो. झुरळं मेली नाहीत, पांगली. भिंतीवरच्या घड्याळात गेली, टीव्हीत गेली, देवघरात गेली, माझ्या पायजम्याच्या नाडीच्या नेफ्यात एक निघालं. आतापर्यंत एक खोली त्यांची अन् दोन खोल्या माझ्या होत्या, आता तिन्ही त्यांच्या झाल्या. अन् घरात असा वास सुटला की मला अंगणात बसावं लागलं. तिथे बसल्यावर मला कळलं की मी काय करून बसलो आहे. डब्यांची झाकणं जुनी होती, सैल होती. काहींना तर झाकणंच नव्हती, ताटली ठेवलेली. मी तिच्या कणकीवर वांग्याचं औषध मारलं होतं.

मग फोन लावला. तो दुपारच्या आत आला. दारातूनच वास घेतला अन् उभा राहिला.

"साडभाऊ, पंपानं मारलं?"

"मारलं."

"वांग्यावरचं?"

"तेच."

तो उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "अळी घर बदलत नाई, झुरय बदलते. तुमी त्यायचं गाव उठवलं." मी म्हटलं, गाव उठलं ते उठलं, डब्यांचं काय ते सांगा. तो उठला. नाकाला रुमाल बांधून आत गेला अन् खिडकी-दार सताड उघडून एक एक डबा अंगणात आणायला लागला. झाकण न उघडता, डबा नुसता हलवून सांगायचा, यात मोहरी, यात पोहे, हा खालच्या फळीवरचा डावीकडून तिसरा, मेथीदाणे. मी उघडून पाहायचो तर मेथीदाणेच. चाळीस वर्षं मी त्या घरात जेवलो, अन् मेथीदाणा कोणत्या डब्यात आहे ते याला माहीत. माझा पुन्हा तोच जुना जळफळाट सुरू झाला, अन् मला बरं वाटलं, कारण पाच महिन्यांत मला कशाचं काही वाटलंच नव्हतं.

शेवटी त्यानं कणकीचा डबा उघडला. गोळ्या करायला कणीक लागते. तो यायच्या दिवशी ती वाटीभर कणीक अन् साखर काढून ठेवायची, म्हणून त्याचा हात सवयीनं डब्यात गेला. मूठ भरून वर काढली, वास घेतला, अन् मूठ तशीच धरून तो रडायला लागला. मोठ्यानं, पोरासारखा. म्हणाला, "माही गोष्ट आयकनारं मानूस गेलं. घरी मले कोनी सैपाकघरात उभं करत नाई. इथं आलो का मले कॉलेजात असल्यावानी वाटे." मी स्वतः अजून रडलो नव्हतो. जाळताना नाही, तेराव्याला नाही. अन् हा माझ्या अंगणात, माझ्या बायकोची कणीक मुठीत धरून, माझ्या आधी रडून मोकळा झाला. तो मान माझा होता. मी त्याला पाणी दिलं, पण रागानं दिलं.

अन् त्याच रागात मी ते विचारलं. म्हटलं, तुमी अन् ती त्या अंधारात झुरळं पाहत बसायचे तेव्हा ती हसायची कशाला?

त्यानं डोळे पुसले. "तुमाले."

मी म्हटलं, म्हणजे?

"तुमी बाहीर खोकलत ना, त्याले. ती मले हयूच सांगे, पाहा भाऊजी, आता खोकलतीन. मंग पानी मांगतीन. मंग दार उघडतीन. अन् तुमी तसंच करत. दर साली."

मी त्याच्या हातचा पेला घेतला. तो म्हणाला, एका वर्षी तुमी तापानं निजून होते, खोकलले नाही, तर ती मधेच उठून तुम्हाला पाहायला बाहेर गेली अन् माझी सगळी झुरळं पळाली. ते वर्ष मला आठवत होतं. ती कपाळाला हात लावायला आली होती. मला वाटलं होतं, चहा झाला म्हणून सांगायला आली.

मग आम्ही वाफ्याच्या कडेला खड्डा खणला. खणला मीच, त्याला फावडं दिलं नाही. उघडं होतं, सैल झाकणाचं होतं, ते सगळं त्यात गेलं. कणीक, पोहे, मेथीदाणे, तिखट. प्रत्येक डब्याला तो माझ्याकडे पाहायचा, मी मान हलवली की ओतायचा. लोणच्याच्या बरणीला मी मान हलवली नाही. म्हटलं, हिला झाकण आहे, फडकं आहे, ही राहू द्या. त्यानं फडक्याचा वास घेतला अन् म्हणाला, नाही राहत, फडकं ओलं झालं होतं. मी म्हटलं, मी एकटा खाणार आहे, मेलो तर मेलो, तुमचं काय जातं. तर तो म्हणाला, मग मीही खातो, तिच्या हातचं आहे, अन् खरंच त्यानं गाठ सोडली अन् दोन बोटं आत घालायला निघाला. माझ्या बायकोच्या हातचं शेवटचं लोणचं हा माझ्या आधी खाणार म्हटल्यावर माझं डोकं सणकलं. मी त्याच्या हातातली बरणी हिसकली अन् पालथी करून खड्ड्यात ओतली. तो बोटं पुसत म्हणाला, "हां." एवढंच. मग माती मी लोटली, अन् माती लोटता लोटता माझंही रडायचं राहिलेलं होऊन गेलं. तो तोंड फिरवून वांग्यांकडे पाहत उभा राहिला, मोठ्या समजदारीनं. झाल्यावर म्हणाला, वांगी चांगली धरली आहेत.

फरशी, ओटा, मांडणी, सगळं आम्ही दोघांनी साबणानं धुतलं. गोळ्यांसाठी शेजारून वाटीभर कणीक मागून आणली. कुठे ठेवायच्या ते त्यानं मला दाखवलं, पहिल्यांदाच. डबे मी घासून उन्हात पालथे घातले. संध्याकाळी डबे वाळले तेव्हा तो म्हणाला, आणा, लावून देतो, कोणता कुठे ते मला पाठ आहे. मी म्हटलं, नको. माझ्या घरचे डबे आहेत, माझे मी लावतो. त्यानं वाद घातला नाही. पंधरा दिवसांनी येतो म्हणाला, अंड्यांतून पोरं निघतील, अन् रिसोडच्या एसटीत बसून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सैपाकघरात गेलो. चौदा झुरळं उताणी पडली होती, ती झाडूनं सुपलीत घेतली, चप्पल लावली नाही. मग सतरा डबे पुढे घेऊन फरशीवर बसलो. उंची सोडली तर सगळे सारखेच दिसत होते. मोहरीचा कोणता अन् मेथीचा कोणता, वरच्या फळीचे कोणते, काही कळेना. फोन काढला, त्याला विचारावं म्हटलं, अन् परत खिशात ठेवला. मग माझा हात जिथे सहज पोचतो तिथे चहाचा अन् साखरेचा ठेवला, बाकीचे उंचीप्रमाणे लावून टाकले. तिनं पाहिलं असतं तर एकही जागेवर राहू दिला नसता. ऊन वर आल्यावर पिशवी घेऊन दुकानात गेलो. कणीक, साखर, चहा, तूरडाळ, पोहे सांगितले. दुकानदारानं विचारलं, किती किती देऊ? मला सांगता येईना. किती किलो आणायचं ते दर वेळी तीच सांगायची, मी फक्त आणायचो. त्यानंच मग विचारलं, काका, किती मानसायचं? मी म्हटलं, एकाचं. तो मोजायला लागला. मी म्हटलं, थांब, जरा वाढवून दे. पंधरा दिवसांनी साडभाऊ येनार हाये, अन् तो खाते लय.